ब्रेकवाल्याचं वळण

“इथंच तो ब्रेकवाला दारू पिऊन झोपला,” सर्वेश म्हणाला, “आणि भरलेल्या पाच ट्रॉल्या सुटल्या. स्वतः तर मेलाच, पण खाली धक्क्यावरच्या बायकांनाही घेऊन जाणार होता.”

मुंबई-पुण्याहून आलेली वीस माणसं गंजलेल्या रुळांभोवती गोळा झाली होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी रुळावर तोल सांभाळत चालून बघत होतं. बंद पडलेली बॉक्साइटची खाण बघायची आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, खाडीच्या धक्क्यापर्यंत उतरणाऱ्या तिच्या जुन्या लाइनीवरून चालत जायचं, अशी ही सर्वेशची रविवारची सहल. दोन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून आलेल्या या पोराने गावात काहीतरी उभं केलं, याचं सगळ्या वाडीला कौतुक होतं.

मैनालाही होतं. सहलीचं जेवण तीच रांधायची. एरवी भाकऱ्यांची टोपली टेम्पोने परस्पर धक्क्यावर जायची. आज टेम्पो सुरूच झाला नाही, म्हणून ती टोपली डोक्यावर घेऊन मंडळींच्या मागून चालत आली होती. सर्वेश लोकांना काय सांगतो, ते तिने आज पहिल्यांदाच ऐकलं.

तिने टोपली उतरवून कातळावर ठेवली.

“सर्वेश, कोन दारू प्यायला व्हता?”

सर्वेश दचकला. “काकी, तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतोच.”

“मी इचारलं, कोन दारू प्यायला व्हता?”

“कंपनीच्या कागदात तसं आहे ना, काकी. आणि बाबांनीच सांगितलंय मला. ते स्वतः होते ट्रॉलीवर.”

“व्हता. तुझा बाप रावजी पुढच्या ट्रॉलीवर व्हता. आनि मागं ब्रेकवर माझा घरवाला.”

रुळावरून चालणारी मुलगी खाली उतरली. मैनाकाकीचा नवरा याच अपघातात गेला, हे सर्वेशला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ऐकणारी माणसं परकी, काकी खाली धक्क्यावर. आपण इथे काय बोलतो ते तिच्यापर्यंत कुठे पोचतंय, असंच तो धरून चालला होता.

“आपण नंतर बोलू,” तो हळूच म्हणाला. “लोकांना उशीर होतोय.”

“मग ज्याला जायचं त्यानं जावं,” मैना म्हणाली आणि उताराला लागली.

कुणी गेलं नाही. सगळे तिच्या मागे निघाले. सर्वेशने तिची टोपली उचलली आणि तोही शेवटी चालू लागला.

धक्का दिसू लागतो त्या वळणावर ती थांबली. अडतीस वर्षांत ती इथे आली नव्हती. आंब्याच्या हंगामात पेट्या भरल्या, एरवी खाडीतली कालवं काढून विकली, पण जाता-येता लांबची वाट धरली.

“ब्रेकचा ठोकळा झिजला व्हता,” ती म्हणाली. “त्यांनी तीनदा सायबाला सांगितलं. सायब म्हनला, हा मचवा भरून खाडीतनं जाऊ दे, मग बघू. त्या दिवशी उताराला ब्रेक धरलाच नाय. रावजीनं उडी मारली. मारावीच, जीव हाय. त्यांनाबी मारता आली असती. पन खाली आमी सतरा बायका मचवा भरत व्हतो. त्यांनी पहार घेतली नि चाकात घातली. हितं. ह्याच वळनावर ट्रॉल्या उलटल्या, त्यांच्या अंगावर. खाली एक दगड आला नाय.”

खाडीवरून वारा आला. तिने पदर खोचला.

“तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला हापिसात बोलावली. कागद पुढं ठेवला. नवरा दारू प्यायला व्हता म्हनून अंगठा कर, कामावर राहशील. मी म्हनलं, वास तुमच्या कागदाला येतोय, माझ्या मानसाला कधी आला नाय. आनि निघाले. बाकी सगळ्यांनी अंगठा दिला, रावजीनंबी. त्यांची पोरं लहान व्हती.”

“आजी, त्यांचं नाव काय?” मघाशी रुळावरून चालणाऱ्या मृणालीने विचारलं. तिच्या हातात वही होती.

संसाराची सहा वर्षं आणि नंतरची ही सगळी, नवऱ्याचं नाव मैनाच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या चिठ्ठीवर, प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी तिच्या वतीने ते सांगितलं होतं.

“खंडू,” ती म्हणाली. घसा खाकरून पुन्हा म्हणाली, “खंडू गंगाराम मांडवकर. लिवून घे. आनि दारू प्यायचे नाय, तेबी लिव.”

जेवणं झाल्यावर सर्वेश तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. “काकी, मी बाबांना काय विचारू?”

“तू काय इचारू नको. फुडच्या आयतवारी त्याला हितं घेऊन ये.”

“त्यांना आता चालवत नाही हो. पंच्याहत्तरी झाली.”

“मलाबी नव्हतं चालवत हिकडं. आले ना आज?”

पुढच्या रविवारी रावजी आला. मुलाच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी, अर्ध्या उतारात तीनदा थांबत. नवी पंधरा-सोळा माणसं वळणावर उभी होती. त्यांच्यातल्या एकाने म्हाताऱ्यासाठी घडीचं स्टूल उघडून पुढे केलं. रावजीने मैनाकडे पाहिलं. ती बस म्हणाली नाही. तो उभाच राहिला.

मैनाने आधी नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मग ठोकळा, साहेब, मचवा, सगळं सांगितलं. रावजीने ट्रॉलीवरून उडी मारली, तिथवर आली आणि थांबली.

“फुडचं हा सांगल,” ती म्हणाली. “मी खाली व्हते. ह्यानं वरनं बघितलंय.”

रावजीने टोपी काढून छातीशी धरली. ओठ हलले. पहार, चाक असं काहीतरी सर्वेशला ऐकू आलं. त्याने बापाच्या पाठीला हात लावला.

“मोठ्यानं, रावजी,” मैना म्हणाली. “मागच्यांना ऐकायला जात नाय.”