सव्विसाव्या पानावरचं वाक्य

"तेवढं हे वाक्य वाचा," कर्नल इंगवले म्हणाले आणि त्यांनी इंग्रजीत छापलेला कागद सीतारामरावांपुढे सरकवला. "सव्विसावं पान. बाकी पलटणीचा इतिहास तयार आहे. हयात माणसांच्या सह्या घ्यायच्या असतात, म्हणून इतक्या लांब आलो."

सीतारामरावांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला. वाक्य वाचायची गरज नव्हती. चौकशीच्या निकालातलं ते वाक्य त्रेपन्न वर्षं त्यांना पाठ होतं. 'टेहळणी चौकीकडून आलेला हल्ल्याचा इशारा ब्रिगेडच्या वायरलेस ऑपरेटरने वेळेत पोचवला नाही.' ऑपरेटर म्हणजे लान्स नाईक सीतारामराव, वय चोवीस, राहणार तंजावूर.

"मज ठाऊक आहे साहेब," ते म्हणाले. "अस्की ठाऊक आहे, सगळं."

साताऱ्याकडच्या कर्नलांना हे जुन्या वळणाचं, तमिळ हेल काढून बोललेलं मराठी ऐकून सकाळपासून गंमत वाटत होती. आता मात्र ते हसले नाहीत.

एकाहत्तरच्या डिसेंबरातली ती दुपार. चार वाजून दहा मिनिटांनी कानातल्या हेडफोनमध्ये सुब्रमण्यमचा आवाज आला. सुब्रमण्यम तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूचा. दोघे एकाच दिवशी भरती झालेले. तो सीमेलगतच्या टेकाडावरच्या टेहळणी चौकीत होता. धूळ दिसतेय, रणगाड्यांचे आवाज येताहेत, बावीस मोजले, असं त्याने सांगितलं. सीतारामरावांनी निरोप लिहिला, वेळ टाकली आणि धावत मेजरसाहेबांच्या तंबूत गेले. मेजर नकाशावर वाकले होते. "या बाजूने हल्ला होणार नाही, वरून कळवलंय. आपलेच ट्रक असतील," असं म्हणून त्यांनी कागद चहाच्या कपाखाली ठेवला. साडेचारला दुसरा निरोप आला, तोही त्यांनी आत नेला. पाच वाजता तिसरा. तिसऱ्या वेळी सुब्रमण्यम हिंदी सोडून तमिळमध्ये ओरडत होता. सीतारामराव पुन्हा आत गेले, तर मेजर म्हणाले, "परत आलास तर कैदेत टाकीन."

पावणेसहाला रणगाडे आले. खंदकातल्या तोफांवरचं कापडी आच्छादनही निघालेलं नव्हतं. चौदा माणसं गेली. टेकाडावरचं कोणीच उरलं नाही.

चौकशी अकरा मिनिटं चालली. निरोपांच्या वहीतली ती पानं सापडली नाहीत. सीतारामरावांची बाहीवरची हुद्द्याची फीत काढली गेली. तंजावूरला परतून त्यांनी वीजमंडळात मीटर वाचायची नोकरी केली, आणि दर सहा महिन्यांनी दिल्लीला एक पत्र. उत्तर यायचं, प्रकरण बंद झालेलं आहे. बायको कमलाक्षी हयात होती तोवर म्हणायची, "सरकाराला इतकीं पत्रं लिहितां, मज एक लिहिलां नाही!"

"मी जुने कागद पाहिलेत," कर्नल म्हणाले. "खरं सांगू? चूक तुमची नव्हती, हे वाचणाऱ्या कुणालाही कळेल. तुम्ही तीन वेळा तंबूत गेलात, हे एका आचाऱ्यानं तेव्हाच सांगितलं होतं. त्याचा जबाब जोडलाच नाही."

इतक्या वर्षांत एवढं वाक्य सीतारामरावांना कोणी म्हटलं नव्हतं.

"मग लिहा की साहेब! मेजरांनीं ऐकलं नाही, असं लिहा."

"ते पुढे फार मोठ्या हुद्द्यावर गेले. आता नाहीत. त्यांच्या नावाचं पदक आजही देतात. तसं लिहिलं तर पुस्तकच अडवतील." कर्नलांनी दुसरा कागद काढला. "म्हणून मधला मार्ग काढलाय. तुमचं नाव त्यातून पूर्ण सुटतं."

दुसऱ्या कागदावर होतं, 'वायरलेस यंत्रणेतील बिघाडामुळे टेहळणी चौकीकडून कोणताही इशारा मिळू शकला नाही.'

स्वयंपाकघराच्या दारातून मुलगी हरिप्रिया ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली. "अप्पा, करा की सही. कितीक वर्षं हेंच मागत होतां तुम्ही. तुमच्यावरचा डाग गेला की नाही?"

"मी हें मागत नव्हतों," सीतारामराव म्हणाले.

"मग काय पाहिजे तुम्हांला?" हरिप्रियाचा आवाज चढला. लहानपणापासून तिने ही पत्रं टंकलिखित केली होती. शाळेच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा.

त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. "वाच. कोणताही इशारा मिळाला नाही. म्हणजे सुब्रमण्यम काही बोललाच नाही. तो तासभर ओरडत होता, बघ. यंत्र चांगलं होतं. त्याचा श्वाससुद्धा मज ऐकायला येत होता."

"सीतारामराव, ते आता कोण बघतंय?" कर्नल हळूच म्हणाले.

"सरोजा बघते. त्याची बायको. लग्नाला तीन महिने झाले होते, तेव्हां तो गेला. तिला मी सांगितलों होतों, तुझ्या नवऱ्यानं पळून न जातां शेवटपर्यंत खबर दिली. त्याच्यावर ती जगली." ते खुर्चीतून उठले. राग आवरेना, म्हणून खिडकीचा गज धरून उभे राहिले. "मोठ्या माणसाचं नाव ठेवायचं आहे, ठेवा. मग कोणाचं तरी पुसायला पाहिजे, नाही का? पहिल्यांदा माझं पुसलां. आतां त्या मेलेल्याचं!"

कर्नल वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "दोनच वाक्यं मंजूर झालीत. तिसरं माझ्या हातात नाही."

सीतारामराव परत येऊन बसले. दुसरा कागद त्यांनी उलटा ठेवला. पहिला जवळ ओढला.

"अप्पा!" हरिप्रिया म्हणाली.

"यांत इशारा आला, असं तरी आहे," ते म्हणाले आणि स्वतःवरच्या दोषाखाली त्यांनी सही केली. तारीख घातली. सवयीने वेळही घातली.

कर्नल निघताना दारात थांबले. टाचा जुळवून त्यांनी सलाम केला. सीतारामरावांनी परत केला नाही. त्यांना त्या सलामाचाही राग आला होता. चार भिंतींआड केलेल्या सलामाचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसने ओरत्तनाडूला गेले. सरोजा शाळेत दुपारचं जेवण शिजवायची नोकरी करून निवृत्त झालेली. तिने अंगणात पाट मांडला, ताक दिलं. दोघे तमिळमध्येच बोलायचे.

"पुस्तक येतंय," सीतारामराव म्हणाले. "चौकीवरून इशारा आला होता, असं छापलंय त्यात."

सरोजाने विचारलं, "आमच्या यांनी पाठवला, असंच ना?"

"असंच."

"आणि तुम्ही तीनदा आत गेलात, ते?"

"तेवढी जागा नव्हती," सीतारामराव म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हातातला पेला तिने खाली ठेवला आणि त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आली. कालव्यात पाणी नुकतंच सोडलेलं होतं.

बस आली. सरोजाने पुढे होऊन कंडक्टरला अडवलं आणि सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "नीट सांभाळून ने रे. सैन्यातले आहेत. लढाईत होते."

एक तरुण बाई ताबडतोब उठली आणि तिने जागा दिली. सीतारामरावांनी मानेनेच नको म्हटलं. बस सुटली. सरोजा दिसेनाशी झाली तरी सत्त्याहत्तर वर्षांचे सीतारामराव दांडा धरून, पाठ ताठ ठेवून उभेच होते.