खालच्या बायकांची ओळ

दुकानातला कॉम्प्युटर चालू केला की रोज सकाळी आधी एक चौकट उगवायची: तुमचा रीडर जुना झाला आहे, नवा घ्या, फुकट आहे. मी रोज 'नंतर'वर टिचकी मारायचे. उगाच कोण कुणाला फुकट देतं? चर्चच्या फाटकासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. फुकट मागणारे दिवसभर येतात, देणारा अजून यायचाय.

शिवाय तो कॉम्प्युटर आला होता माझ्या धाकट्या भावाकडून. कातुंझी तळ्यापलीकडे म्वान्झाला शाळेत संगीत शिकवतो. शाळेने जुनी यंत्रं काढली तेव्हा त्याने एक बोटीने इकडे बुकोबाला पाठवलं, आत फायली उघडून दाखवणारा रीडर वगैरे सगळं स्वतः घालून. तेव्हा आम्ही बोलत होतो. मग आई गेली. भावकी बसली आणि आमचा किबांजा त्याच्या नावे करून मोकळी झाली. घर, केळी, कॉफीची झाडं, केळीतल्या कबरी, सगळं. आमच्यात लेकीला जमीन देत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण आईचं आजारपण मी काढलं होतं, आणि हा मान खाली घालून बसला. एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून मी त्याचा फोन उचलला नाही. चौकटीकडे बघितलं की वाटायचं, हेही याचंच काहीतरी असणार. 'हो' म्हटलं की बसेल तिकडून माझ्या दुकानात डोकावत.

आईच्या वर्षाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, जवळ आली तेव्हा आमच्या कॉयरचे इशेन्गोमा मास्तर दुकानात आले.

"मा कोकू, कातुंझीने गाणं पाठवलंय. तुमच्या आईसाठी. स्वतः रचलंय म्हणे. मेलवर आलं असेल, छापा बरं."

"माझ्या मेलवर? मला न विचारता?"

"कॉयरची सगळी गाणी तुमच्याच मेलवर येतात की. माझा फोन बटणांचा. त्यात काय येणार, डोंबल?"

मी छापलं. आमच्याकडे गाणं अक्षरांत लिहितात, डो-रे-मीचं एकेक अक्षर, मध्ये टिंबं आणि उभ्या रेघा. एकाखाली एक चार ओळी: वरच्या बायका, खालच्या बायका, वरचे पुरुष, खालचे पुरुष. खालच्या म्हणजे आवाजाने खालच्या, कुणी हसू नये. त्या ओळीची म्होरकी आधी आई होती, आता मी आहे. कागद गरम गरम हातात घेतला आणि बघते तर आमची ओळ कोरी. टिंबं होती, रेघा होत्या, अक्षर एकही नाही. पान उलटलं. तेच. पार शेवटपर्यंत तेच.

"बघितलंत, मास्तर?"

मास्तरांनी कागद नाकाशी नेला. "शाई संपली असेल."

"फक्त आमच्याच ओळीत संपली?"

"मग फोन करून विचारा ना त्याला."

"मेले तरी करणार नाही!"

आणि विचारायचं काय होतं त्यात? किबांजातून काढलं, आता आईच्या गाण्यातूनही काढलं. भर चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर, आईच्या मिस्सेला मी तोंड मिटून उभी राहणार आणि हा रचनाकार म्हणून मिरवणार. मला इतका राग आला की मी त्या दिवशी एका माणसाचा जन्मदाखला दोनदा उलटा छापला.

सरावाला मी खालच्या बायकांना कागद दाखवला.

"बसून राहू आपण," जोवीना म्हणाली. "घरून नाकतोडे तळून आणू आणि गाणं संपेपर्यंत कुरुमकुरुम खात बसू."

"तू नाकतोडे खायला निमित्तच शोधतेस," मी म्हटलं, पण बरं वाटलं.

बाकीच्या तिन्ही ओळी गाऊ लागल्या. गाणं विचित्र होतं. वरच्या बायका नुसता एकेक सूर धरून उभ्या, पुरुष खालून घुमतायत, आणि चाल म्हणावी अशी कुठेच नाही. मास्तर घाम पुसत म्हणाले, "नव्या पद्धतीचं असेल." मला खात्रीच पटली, यात काहीतरी काळंबेरं आहे. जाणूनबुजून वाईट गाणं पाठवलंय, आमचं हसं व्हावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सिस्टर एदेला झेरॉक्स काढायला आल्या. मठातले सगळे कॉम्प्युटर त्या सांभाळतात. गातात मात्र तळ्याकाठच्या चर्चच्या कॉयरमध्ये, ज्यांनी गेल्या ईस्टरला आमचं गाणं उचललं होतं. मी झटकन कागद पालथा घातला, पण त्यांचे डोळे घारीचे.

"ही ओळ कोरी का?"

"आहे तशी आहे."

"नसेल, मा कोकू. गाणं तयार झाल्यावर कुणी मागाहून पानावर वरून काही लिहिलं, तर जुने रीडर ते दाखवत नाहीत. तुमचा रीडर कधीचा?"

"तुम्हाला काय करायचंय, सिस्टर?"

"मला काही नाही. गायचंय तुम्हाला."

तेवढं मात्र बोचलं. मी म्हटलं, ठीक आहे, पण माउसला हात लावायचा नाही. तुम्ही सांगायचं, करणार मी. दारी आलेल्याला द्याव्या लागतात म्हणून कॉफीच्या बिया चघळायला पुढे केल्या आणि आम्ही बसलो.

आधी त्या चौकटीलाच 'हो' म्हटलं. ती बराच वेळ गरगरली आणि म्हणाली, हा कॉम्प्युटर फार जुना आहे, यावर नवा रीडर चालणार नाही.

"बघा! इतके दिवस नवा घे, नवा घे म्हणून मागे लागायचं, आणि घ्यायला गेलं की म्हणे तू म्हातारी!"

"दुसरा शोधू."

दुसऱ्याच्या पानावर हे एवढं मोठं हिरवं बटण होतं. मी दाबणार, तेवढ्यात सिस्टरनी माझं मनगट धरलं. "ते नाही! ती जाहिरात आहे. खरं बटण खाली, बारीक अक्षरांत."

"खोटं एवढं मोठं आणि खरं बारीक?"

"तसंच असतं. आता ही चौकोनातली बरोबरची खूण काढा. ठेवलीत तर रीडरबरोबर कॉम्प्युटर साफ करणारा आणखी एक प्रोग्रॅम आत शिरेल."

"झाडू माझ्याकडे आहे," मी म्हटलं आणि ते पानच बंद केलं. जो न बोलावता झाडायला येतो तो काय नेईल याचा भरवसा नाही.

तिसरा रीडर लहानसा होता. जुन्या यंत्रांवरही चालतो, कागद उघडतो, बाकी काही करत नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

"फुकट?"

"फुकट."

"मग हे लोक खातात काय?"

"ज्याला वाटेल तो देणगी देतो."

"म्हणजे चर्चसारखं?"

"अगदी."

"मग तर नीटच तपासायला हवं," मी म्हटलं. सिस्टर बिया चावता चावता इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जुना रीडर काढायचा नाही, तोही राहू द्यायचा, असं मी बजावलं आणि तो लहानसा आत घेतला.

गाणं उघडलं. आमच्या ओळीत लाल अक्षरं होती, मागाहून वरून लिहिलेली. टिंबाटिंबांमध्ये, ओळभर, पानभर.

मी पुटपुटत वाचायला लागले. दोन-तीन सूर झाले असतील, आणि पुढचं डोळ्यांनी वाचायच्या आधीच तोंडातून यायला लागलं. आई केळी सोलताना कातुंझीला जवळ निजवून जे गुणगुणायची, तेच हे. शब्द नसलेलं, तिचं स्वतःचं. घराबाहेर ते कुणी ऐकलेलं नाही. ते त्याने वरच्या बायकांना दिलं नव्हतं, पुरुषांना दिलं नव्हतं. आम्हाला दिलं होतं.

"चाल तुमच्याच ओळीत आहे," सिस्टर हळूच म्हणाल्या. "बाकीचे नुसते भोवती उभे आहेत."

मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. मी घाईने शेवटच्या पानावर गेले. तिथे शेवटची ओळ पुन्हा कोरी. टिंबं, रेघा, बस्स.

"दाखवलाच शेवटी गुण! एवढं देऊन शेवट काढून घेतलान!"

"थांबा, मला बघू द्या." या वेळी मी त्यांना माउस दिला. त्यांनी पान मोठं केलं, लहान केलं, फाइल बंद करून पुन्हा उघडली. "ही चूक रीडरची नाही, मा कोकू. इथे त्याने काही लिहिलेलंच नाही."

मी फोन उचलला आणि नंबर लावला. पहिली घंटा पुरी वाजलीही नाही.

"ताई?"

ना नमस्कार, ना खुशाली. "शेवट का खाल्लास?" मी ओरडले.

तिकडे मागे शाळेतली पोरं गलका करत होती.

"मला येत नाही गं तो," कातुंझी म्हणाला. "खूप आठवून बघितला. शेवट मी कधी ऐकलाच नाही, ताई. त्याच्या आधीच मला झोप लागायची. जागी तू असायचीस."

सिस्टर उठून बाहेर गेल्या आणि दुकानाच्या पायरीवर पाठ करून उभ्या राहिल्या. आई आठवली, सालींचा ढीग आठवला, आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून पडलेला हा, तोंडाचा चंबू करून.

"किबांजाचं मी विसरलेले नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"ते आपण समोरासमोर बोलायचं. मान वर करून."

"हो, ताई."

"मग आता लिहून घे."

मी डोळे मिटले आणि फोनमध्ये शेवट गायला लागले, आई गायची तसा, खालच्या आवाजात. तिकडून काहीच आवाज येईना. मी मध्येच थांबले.

"कातुंझी, जागा आहेस ना?"