ट्रेंगोव्ह बाईंची गाडी आणि मर्व्हच्या तारा

आमच्या यालगारा गावाच्या मैदानावर त्या रविवारी निम्मं गाव लोटलं होतं. उन्हाळ्यात उघड्यावर आग पेटवायला बंदी असते, ती लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणून अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी सॉसेज भाजून विकणं चाललं होतं. पण तव्यापाशी कुणीच नव्हतं. कांदा करपत होता आणि तो परतणारा गडी हातात झारा घेऊन, मान उंच करून, एका जुन्या निळ्या गाडीभोवतीच्या गर्दीत उभा होता.

गाडीभोवती मर्व्ह पास्को फिरत होता. मर्व्ह हा आमच्या गावचा पाणाड्या. कुंपणाच्या तारेचे दोन तुकडे काटकोनात वाकवायचे, दोन मुठींत सैल धरायचे आणि संथ पावलं टाकत चालायचं. जिथे तारा एकमेकींवर येतील तिथे पाणी. निम्म्या गावाच्या बोअर त्याने नाहीतर त्याच्या बापाने दाखवलेल्या. कोरड्या निघालेल्यांची आठवण कुणी काढत नाही. अलीकडे त्याने पसारा वाढवला होता. हरवलेली अंगठी, मेंढी गाभण आहे की नाही, आणि आता गाडीतली पेट्रोलची गळती. मोबदला म्हणजे बिअरचा एक खोका.

"पेट्रोल म्हणजे तरी काय? जमिनीचं रक्त," मर्व्ह सांगत होता. "आणि तार म्हणजे जमिनीचंच लोखंड. दोघांची ओळख जुनी आहे. गॅरेजवाल्याला फक्त डोळे असतात, तारेला जाणीव असते."

माना डोलल्या. भुताखेतांच्या गोष्टींना खो खो हसणारी, ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालवणारी ही माणसं कुंपणाच्या तारेपुढे मात्र टोपी काढून उभी राहतात. मी गावात औषधाचं दुकान चालवते, त्यामुळे लोक कशाकशावर विश्वास ठेवतात ते मला रोज दिसतं. त्या दिवशी मात्र मला हसू येत नव्हतं, कारण गाडी ट्रेंगोव्ह बाईंची होती.

बाईंनी गावाच्या दोन पिढ्यांना चौथीत शिकवलं. मर्व्हला, मला, गॅरेजवाल्या केव्हला. आता ऐंशीच्या घरात आहेत आणि गावाबाहेर गव्हाच्या शेतात एकट्या राहतात. गाडी आहे म्हणून राहता येतं. काही महिन्यांपासून त्यांना गाडीत पेट्रोलचा वास यायचा. केव्हने दोनदा गाडी वर उचलून पाहिली, थेंबही दिसला नाही. मग ॲडलेडहून मुलगा आला, ग्रॅहम. विमा कंपनीत धोके मोजायची नोकरी करतो. आईचं डोकं आता साथ देत नाही, असं त्याचं मत झालं होतं. वृद्धाश्रमातली एक खोली तो बघूनही आला होता. शेवटी असं ठरलं की गळती सापडली तर दुरुस्त करायची आणि बाई घरीच राहतील. नाही सापडली तर गाडीची किल्ली ग्रॅहमकडे. आणि निवाडा कुणी करायचा, तर मर्व्हने. बाईंनी पुष्कळ नाही म्हणून पाहिलं. पण बाईंच्या घरची बोअर मर्व्हच्या बापाने दाखवलेली होती आणि तिचं पाणी पिऊन ग्रॅहम मोठा झाला होता.

मर्व्हने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की टाकी जवळजवळ रिकामी करून आणा, भरल्या टाकीत तारा बुडतात. आता तो गाडीपुढे गुडघे टेकून, कपाळ मातीला लावून जमिनीची परवानगी मागत होता. मग उठून त्याने गाडीला फेऱ्या घातल्या. तारा हलल्या नाहीत. गर्दी हिरमुसली. एवढ्यात तो बाईंच्या समोरून गेला आणि दोन्ही तारा फुली मारल्यासारख्या एकमेकींवर आल्या.

मर्व्हने तारा खाली घेतल्या आणि हळू आवाजात म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे, ग्रॅहम. बाईंना वास येतो हे खरं, पण तो गाडीतून येत नाही."

ग्रॅहमने आईपुढे हात केला. बाईंनी किल्ली दिली. कुणीतरी त्यांना सॉसेज आणून दिलं आणि त्यावर जास्तीचा कांदा घातला. गावाला वाईट वाटलं की गाव असाच कांदा वाढतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मीही तिथे तोंड मिटून उभी होते.

गुरुवारी सकाळी बाई दुकानात आल्या. बाहेर त्यांच्याच गाडीत ग्रॅहम बसला होता. बाईंनी बाळांच्या अंगाला लावायची पावडर मागितली, मोठे दोन डबे. मी कुणाला बाळ झालं म्हणून विचारलं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "मला सांग बिव्हर्ली, एखाद्याला दर गुरुवारी ताप येतो. तू त्याला रविवारी तपासून धडधाकट ठरवशील का?"

मी नाही म्हणाले.

"मला वास फक्त गुरुवारी येतो. गुरुवारी मी बाजाराला येते आणि पंपावर टाकी तोंडापर्यंत भरते. रविवारपर्यंत वास गेलेला असतो. केव्ह गाडी बघतो ती मंगळवारी. आणि मर्व्हने तर टाकीच रिकामी करायला लावली. दुकान तासभर बंद ठेव आणि चल. आणि हो, मर्व्हला निरोप धाड. त्याच्यामागे काही करायचं नाही मला."

ग्रॅहम कुरकुरला, पण आईचा शेवटचा हट्ट म्हणून तयार झाला. पंपावर टाकी काठोकाठ भरली. मग केव्हच्या गॅरेजमध्ये गाडी वर गेली. केव्हने गॅरेजची सगळी दारं उघडली, मागच्या चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर काढलं, टाकी आणि नळ्या कोरड्या पुसल्या आणि त्यावर पावडर मारली. गाडीचं पोट लहान बाळासारखं पांढरंफेक झालं. मर्व्ह आला होता. तो तारा घेऊन दाराशी टेकून उभा होता आणि बाईंकडे कीव आल्यासारखं बघत होता.

आम्ही बराच वेळ वाट पाहिली. पावडर पांढरीच राहिली. ग्रॅहमने घड्याळ पाहिलं.

"मी घरी जाताना गाडी उभी ठेवून जात नाही," बाई म्हणाल्या. "धान्य साठवायच्या त्या सायलोपाशी डावीकडे वळते. तसंच वळवून आण."

केव्ह सायलोला वळसा घालून आला. गाडी पुन्हा वर गेली आणि आम्ही सगळे खाली वाकलो. पेट्रोल ओतायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी जाते. तिच्या वरच्या बाजूला, नळी आवळणाऱ्या पट्टीच्या खालून, पावडरवर एक ओली काळपट रेघ उतरली होती. केव्हने पट्टी सैल केली. खाली रबराला चीर होती, बोटाच्या पेराएवढी.

"टाकी थोडी उतरली की पेट्रोल या नळीत राहतच नाही," केव्ह म्हणाला. "टाकी पूर्ण भरली आणि गाडी वळली की ते इथे चढतं. मग मंगळवारी मला काय दिसणार, कपाळ?" त्याने बोटाने पलीकडचा, इंजिनाचा धूर जायचा तापलेला पाइप दाखवला. त्यावर थेंब पडला असता तर भडकाच. बाहेर कापणीला आलेला गहू उभा होता.

त्याने दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसकट नळी बदलली. ग्रॅहम भिंतीशी उभा राहून बघत होता. मर्व्हच तेवढा बोलला. टाकी रिकामी होती, मग तारांना कसं कळणार, असं त्याचं म्हणणं.

"रिकामी तूच करायला लावलीस," बाई म्हणाल्या. "बरं, आता भरलेलं शोध."

त्यांनी केव्हकडून रंगाचे चार रिकामे, झाकणवाले डबे मागवले. एकात बूच लावलेली पेट्रोलची बाटली ठेवली आणि चारही डब्यांना झाकणं लावली, मर्व्हच्या देखत. मर्व्ह चालला. तारा बरोबर त्याच डब्यावर आल्या. मग बाईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. केव्हने एकट्याने डबे हलवले आणि तोही बाहेर निघून गेला. मर्व्ह आत गेला, आम्ही मागोमाग. तारा रिकाम्या डब्यावर आल्या. पुन्हा केलं, तर दुसऱ्या रिकाम्या डब्यावर. मर्व्ह म्हणाला, इथे लोखंड फार आहे.

बाईंनी तारा त्याच्या हातून घेतल्या आणि ग्रॅहमसमोर उभ्या राहिल्या. तारा एकमेकींवर आल्या. "मनगट दाणाभर आत कललं की झालं. ज्याचं त्यालाही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण मर्व्ह, गुडघे टेकून जमिनीची परवानगी घेतोस, तेव्हा नाक कुठे असतं रे तुझं? गाडीखालीच ना? चौथीत शेजारच्याच्या वहीत डोकावायचास, तसंच हे. लोकांच्या गळत्या तू वासावरून आणि ओल्या मातीवरून ओळखल्यास. रविवारी खाली माती कोरडी होती. मग उत्तर कुठून आणलंस?"

मर्व्हने ग्रॅहमकडे पाहिलं.

"माझ्याकडून," ग्रॅहम म्हणाला. "शनिवारी पबमध्ये मीच त्याला म्हणालो, आईला भास होतात."

म्हणजे पोराचंच मत तारेला गुंडाळून त्याला परत मिळालं होतं, आणि त्याने ते पुरावा म्हणून खिशात घातलं होतं. धोके मोजणारा माणूस. त्या मैदानावर उभे होतो त्या आम्हा सगळ्यांचंही तेच झालं होतं. तारेला ना पाणी कळतं ना पेट्रोल. ती धरणाऱ्याच्या मनात जे असतं तेच दाखवते, आणि त्याच्या मनात बहुतेक वेळा आपणच काहीतरी घालून ठेवलेलं असतं. तेव्हा कुणी तार, लोलक, अंगारा घेऊन निवाडा द्यायला आला, तर आधी त्याच्याकडून झाकलेले डबे ओळखून घ्या. आणि माणूस काही सांगत असेल तर ते कधी, कुठे, कशानंतर घडतं एवढं त्यालाच विचारा. फुकट आहे, आणि बिअरही वाचते.

ग्रॅहमने किल्ली पुढे केली. बाईंनी ती लगेच घेतली नाही.

"वास कधी येतो, एवढं मला विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं."

मग किल्ली घेऊन त्या गाडीत बसल्या, काच खाली केली, एकदा खोल श्वास घेतला आणि सायलोपाशी डावीकडे वळून घरी गेल्या.