पिवळ्या पट्टीचा माइक

मित्रांनो, मी एक माइक, आणि जुना. वय विचारू नका. खरं सांगितलं तर तुम्ही हसाल, खोटं सांगितलं तर मला हसू येईल. कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी केसाहून बारीक तार माझ्या छातीत बसवली आणि माझ्यासमोर चुटकी वाजवली. तो मी ऐकलेला पहिला आवाज. त्या चुटकीला शंभर कोसांवरून एक कुत्रा भुंकला, तोही मी ऐकला. बरं, पन्नास कोस धरा.

पुढे मी कोरियन पॉप गाणाऱ्या पाच मुलींच्या संचात गेलो. पाच मुली, पाच माइक, प्रत्येकाच्या बुडाशी वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. माझी पिवळी, म्हणजे शिट्टीची. तिचं खरं नाव जगाला ठाऊक होतं, पण आतले सगळे तिला शिट्टीच म्हणत, कारण तिसऱ्या गाण्यातली सगळ्यात उंच ओळ तिची. ती ओळ आली की सभागृहातले दिवे फुटत. एकदा तर दोन फुटले. त्यातला एक आधीच फुटलेला होता, ते सोडा. प्रत्येक कार्यक्रमानंतर ती माझी जाळी उघडायची, आतला स्पंज धुवायची. बाकीच्या चौघा माइकांना लिपस्टिकचा वास यायचा. मला साबणाचा.

दीड वर्षापूर्वी शिट्टी आजारी पडली आणि गेली. साउंडवाल्या काकांनी माझी बॅटरी काढली आणि मला पट्टीसकट खणात ठेवलं. बॅटरी काढली की माइक बहिरा होतो, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. पण रोज दुपारी, तालमीच्या वेळेला, त्या खणात मला तिची ओळ ऐकू यायची. आठवण असेल, म्हणून मी गप्प राहिलो. मग एके दिवशी शेजारच्या वायरच्या वेटोळ्याने दबक्या आवाजात विचारलं, "हे कोण गातंय रे?"

अशातच उरलेल्या चौघींनी पुन्हा रंगमंचावर यायचं ठरलं. कंपनीच्या साहेबांनी शिट्टीची ओळ चौघींतल्या धाकटीला दिली. बिचारीने शिट्टीची जुनी रेकॉर्डिंगं कानाला लावून, जेवताना, जिना चढताना, ती ओळ घोटली. तिथे एवढीच चूक झाली: सूर शिकायचे, तर हिने आवाजच उचलला. साहेबांनी तिला स्पष्ट बजावलं होतं, लोकांना पटलं तर तू राहशील, नाही तर तुझ्या जागी दुसरी येईल. आणि शिट्टीच्या आईची एकच अट होती, माझ्या मुलीचा आवाज कुठेही वाजवायचा नाही. काकांनी मशीनमधला तिचा तुकडा न् तुकडा पुसून टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी ऐनवेळी धाकटीचा माइक बिघडला. काकांनी मला खणातून काढलं, बॅटरी घातली, आणि पिवळ्या पट्टीवरच धाकटीची हिरवी चिकटवली.

आता माझं मत विचाराल, तर कार्यक्रम निम्मा झकास, निम्मा फसलेला. या गाण्यांचा एक रिवाज आहे. सुरुवातीच्या ठेक्यावर प्रेक्षक मुलींची नावं ठरलेल्या क्रमाने ओरडतात. शिट्टीचं नाव चौथं. निम्म्यांनी ते गाळलं, निम्म्यांनी घेतलं. ठेका लंगडला आणि थोरलीचं पाऊल चुकलं. तरी पहिलं गाणं नेटकं झालं. कपडे मात्र भिकार. धाकटीच्या बाहीचे मणी सारखे माझ्यावर आपटत होते. दुसऱ्या गाण्यात चौघी सवयीने पाचवीची जागा सोडून नाचत होत्या. त्या मोकळ्या जागेला वळसे घालताना त्यांची सावलीसुद्धा तिथे पडत नव्हती.

मग तिसरं गाणं. धाकटीने ओळ घेतली आणि सगळं सभागृह गार पडलं. आवाज शिट्टीचा होता.

रंगपटात थोरली मोबाइलवर आलेली मतं वाचू लागली. कुणी लिहिलं होतं, ढसाढसा रडलो. कुणी लिहिलं होतं, मेलेल्या पोरीचं रेकॉर्डिंग वाजवता, लाजा नाहीत का. एका जाणत्या समीक्षकाने लिहिलं, नाच कमावलेला, गाणं उसनं, धाकटी नुसतं तोंड हलवते. साहेबांनी ऐकून घेतलं आणि धाकटीला सामान आवरायला सांगितलं. ती म्हणत राहिली की मीच गायले. तिचं कोण ऐकतो?

तेवढ्यात शिट्टीची आई आत आली. तिने आधी काकांना विचारलं.

"तुम्ही वाजवलंत?"

"पोरीची शपथ, ताई. नाही."

मग ती धाकटीकडे वळली. "बाळ, तो माइक ठेव खाली. आणि म्हण."

"आत्ता, मावशी?"

"आत्ताच."

धाकटीने मला टेबलावर ठेवलं आणि त्या एवढ्याशा खोलीत, पंख्याच्या घरघरीत, उघड्या गळ्याने ओळ म्हटली. आई डोळे मिटून ऐकत होती.

"ही माझी मुलगी नव्हे," ती साहेबांना म्हणाली. "माझी ओळीच्या मधोमध चोरून श्वास घ्यायची. शाळेत होती तेव्हापासूनची खोड. ही एका दमात म्हणते."

साहेबांनी मान डोलावली. मग प्रश्नच मिटला, ते म्हणाले, धाकटी राहील.

"राहू द्या," आई म्हणाली. "पण मघाशी सभागृहात मी तो श्वास ऐकलाय."

काकांनी हळूच माझी बॅटरी काढली.

जाताना आईने धाकटीच्या गालावरून हात फिरवला. तुझ्या गळ्याला जमेल तशी म्हण, खाली म्हण, पण तुझी म्हण, असं काहीसं ती बोलली. पुढच्या कार्यक्रमात धाकटीने ती ओळ चांगली तीन सूर खाली घेतली. निम्मे म्हणाले, गोड. निम्मे म्हणाले, आता ती मजा नाही. मत दुभंगलेलंच राहिलं, पण या वेळी ते धाकटीबद्दल होतं.

मित्रांनो, जी समोर उभी राहून गाते, तिला तिच्याच नावाने ऐका. गेलेल्यांचं ओझं कोवळ्या गळ्यावर टाकू नका. त्यासाठी आम्ही जुनी यंत्रं आहोत.

मी आता शिट्टीच्या आईकडे असतो, खिडकीतल्या फळीवर. एका दुपारी तिने मला हातात घेतलं, ओठांजवळ धरलं आणि विचारलं, तो श्वास कुणाचा होता? मी जन्मभर थापा मारल्या. तिच्यापुढे एकही सुचली नाही. कारण त्याच वेळी माझ्या आत, जाळीच्या अगदी मागे, कुणीतरी बोलायच्या आधी घेतात तसा श्वास घेतला.