आखाजीच्या तारखेचा कागद

अभिमनला कुणी फुकट चहा पाजला तरी संशय यायचा. धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. शहराबाहेर एक प्लॉट घ्यायचा आणि दोन वर्षांनी दुपटीनं विकायचा, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पैसे आईचे होते. तिनं पाटल्या मोडल्या होत्या, आणि तिचे मोकळे हात त्याला सारखे आठवायचे. बुडालो तर गावी तोंड कसं दाखवू?

रुपचंद नानांनी वडिलांच्या शेताचे प्लॉट पाडले होते. कोपऱ्यावरचा प्लॉट ते चक्क कमी भावात द्यायला तयार झाले.

"एवढा स्वस्त का देतोय हा?" अभिमननं खोलीवरच्या भटूला विचारलं.

"महाग दिला असता तर काय गप्प बसला असतास?" भटू म्हणाला.

पण ऐकेल तो अभिमन कसला! त्यानं तलाठ्याकडून उतारा काढला, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना छेडलं, भर उन्हात पावलांनी जागा मोजली. सगळं चोख निघालं, तसा तो जास्तच अस्वस्थ झाला. शेवटी त्यानं नानांच्या बहिणीचा हक्कसोडीचा कागद मागितला. 'वडिलांच्या जमिनीवरचा हक्क मी राजीखुशीने सोडला आहे,' खाली वच्छलाबाईंचा अंगठा, मुक्काम सोनगीर, म्हणजे त्यांचं सासर.

तारीख पाहून तो थबकला. कागद गेल्या वर्षीचा होता, आणि त्याच दिवशी त्यानं आपल्या बहिणीला निंबाच्या फांदीला झोका बांधून दिला होता. म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया! आखाजीला खान्देशातली लेक सासरी कशी असेल? त्या दिवशी ती माहेरी झोक्यावर असते. मग या बाईचा अंगठा सोनगीरला कुणी घेतला?

"नाना, त्या दिवशी आखाजी होती," तो म्हणाला.

नानांनी नजर वळवली. "असेल. अंगठा तिचाच आहे. उद्या इसाराचे पैसे आण, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

चोर सापडला, या आनंदात अभिमननं सोनगीरची एसटी पकडली.

वच्छलाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. आखाजी आठ दिवसांवर आली होती. धुळ्याहून आलो म्हणताच त्या सूप टाकून उठल्या. "माले लेवाले उना का, बेटा? रुपचंदनी धाडं का तुले?"

त्या माहेरच्या बोलावण्याची वाट पाहत होत्या, हे कळून अभिमन गडबडला. त्यानं कागदाचं विचारलं, तशा त्या सावकाश खाली बसल्या.

"आंगठा मनाच शे. त्या दिन तो सोता उना. मी पिशवी भरी ठेयेल व्हती, वाटलं माहेरले ली जाई. त्यानी लुगडं दिधं, आंगठा लिधा नि एकटाच चालना गया."

कागद खरा होता. त्यात कुठंही खोट नव्हती, आणि अभिमनला ते ऐकून ओरडावंसं वाटलं. आपण चोर पकडायला आलो आणि इथं पकडण्यासारखं काहीच नाही.

"तू ली राहिना का ती जागा?" त्यांनी विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"ले, बेटा. मना बापनी जागा शे, चांगली शे. घर बांधशी ना तठे? मंग आखाजीले माले बलावजो. एक दिन. तुले जड नही पडाव."

आपण घर बांधणार नाही, विकणार आहोत, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"बोलावीन, आत्या," तो म्हणाला.

त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत गेल्या. अभिमनला स्वतःची इतकी लाज वाटली की चहा न घेताच तो स्टँडकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नानांच्या हातावर इसार ठेवला. पावती मात्र दोनदा वाचून घेतली.