सीरियसची तार

गावाहून दगडूच्या धाकट्या भावाच्या, रामजीच्या पोराचा मेसेज आला. दगडूच्या मुलाने, वैभवने, तो मोठ्याने वाचला. "बाबा सीरियस आहेत. मोठ्या काकांना घेऊन लगेच ये."

"रामजीकाका गेले," मोबाईल खाली ठेवत वैभव म्हणाला. "सीरियस म्हणजे काय ते कळतं आपल्याला. सकाळी गाडी करू."

दगडू खाटेवरून उठला. "फोन लाव. जिवंत आहे का विचार."

"असं कोणी विचारतं का, बाबा?"

कोणी विचारत नाही, तिथेच तर घात झाला होता. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी वरळीच्या याच चाळीत खाकीवाला तार घेऊन आला. दगडूला तेव्हा अक्षरओळख नव्हती. मजल्यावर इंग्रजी वाचणारा एकटा माधव कारकून. त्याने तार वाचली, चष्मा काढला. "आई सीरियस, ताबडतोब नीघ, असं आहे. दगडू, अंघोळ करून घे."

मेल्याची तार मेला म्हणून कोणी करीत नसे. माणूस वाटेत कोसळू नये म्हणून सीरियस लिहायचं, वाचणाऱ्याने काय ते समजायचं. बायांनी तिथल्या तिथे गळा काढला. "तू पोचेस्तोवर अग्नी दिलेला असेल, इथेच केस उतरव," जाणत्यांनी सांगितलं. दगडूने उतरवले.

घरी पोचला, तर आई अंथरुणावर जिवंत. लेकाच्या तुळतुळीत डोक्याकडे ती बघत राहिली.

"कोण गेला रे?"

दगडूने हाताने डोकं झाकलं. तिला कळायचं ते कळलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. शेवटचं पाणी धाकट्या रामजीने पाजलं. त्या दिवसापासून तो दादाशी बोलला नाही.

गिरणी बंद पडल्यावर, पन्नाशीत दगडू इंग्रजीसकट अक्षरं शिकला, ती एवढी तार स्वतः वाचायला. तारेत खोट काहीच नव्हती. तारेने खरं तेच आणलं होतं. पुढे तारा बंद झाल्या, वाचायची रीत मात्र राहिली.

वैभवने शेवटी फोन लावला. "शुद्धीवर आहेत, बोलतायत," पुतण्या म्हणाला.

दगडूने मोबाईल ओढून घेतला. "त्याला सांग, दादा आत्ता निघतोय." दुसऱ्या हाताने तो दारातल्या चपला चाचपू लागला.

पलीकडे कुजबुज झाली. पुतण्या अवघडून बोलला, "काका, ते फोन घेत नाहीत. म्हणाले, दादाला सांग, घाई नको. केस उतरवूनच ये."

दगडू उंबऱ्यावरच बसला. मोबाईल त्याने वैभवकडे दिला.

"सकाळची गाडी कर," तो म्हणाला.