केकशेजारची बादली

हास्य हे मानवजातीला लाभलेलं सर्वांत उदात्त वरदान आहे, असं हॉलिवूडजवळच्या बरबँकमधल्या एका स्टुडिओच्या दारावर कोरलेलं आहे. दाराच्या आत, ग्वेन हाल्डोरसनच्या खुर्चीशेजारी, थुंकायची बादली ठेवलेली असे.

ग्वेन अकरा वर्षं एका विनोदी मालिकेत शेजारीण होती. शेजारणीचं काम एकच: दार न वाजवता आत यायचं आणि टेबलावर असेल ते खायचं. समोर बसलेले प्रेक्षक हसायचे. एकेक प्रसंग पंधरा वेळा चित्रित व्हायचा, म्हणून पंधरा घास तोंडात घ्यायचे आणि 'कट' ऐकलं की बादलीत टाकायचे. करारात तिचं किमान वजन लिहिलेलं होतं. कमाल वजनाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

त्या मंगळवारी कपडेपटातल्या रूथने तिचा झगा पाठीमागून आवळला आणि तोंडातल्या टाचण्यांमधूनच विचारलं, "किती उतरलं?"

"बावीस पौंड. डॉक्टर म्हणतात, साखर अशीच राहिली तर आधी डोळे जातील, मग पाय."

"डेलला सांगितलंस?"

सांगितलं होतं. निर्माता डेल ट्रास्क भला माणूस. तिचा हात हातात घेऊन त्याने सगळं ऐकलं होतं. आपण एक कुटुंब आहोत, असंही म्हणाला होता. मग म्हणाला, "पण तू बारीक झालीस की लोकांना तुझी काळजी वाटेल गं. काळजीत पडलेला माणूस हसत नाही." एजंट फिलिसनेही फोनवर तेच समजावलं: सेहेचाळीस वर्षांच्या बारीक नट्या या गावात पोत्याने पडल्यात, जाड्या चारच, उगाच रांग बदलू नकोस.

चित्रीकरण सुरू झालं. ग्वेन आत आली, केकसमोर बसली आणि हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. प्रेक्षक हसून लोळले. अकरा वर्षांत एवढं हसू तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"झकास," डेल म्हणाला. "आता खा."

"नाही."

"एकच घास, ग्वेन. बादली आहे ना."

"अकरा वर्षं त्या बादलीत थुंकले, डेल. दमले. आता घरी जाऊन जेवते."

प्रेक्षक यालाही हसले. ती खरंच निघून गेली, तेव्हाही बराच वेळ हसत होते. त्यांत आपण होतो का, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

सोमवारी शेजारणीच्या भूमिकेत नवी नटी आली. ती सडपातळ आहे. तिला फोमचं पोट बांधतात.